घोड्यांचा डॉक्टर आणि मामाची बोलेरो

काही माणसांची नावं आपण रोज वाचतो, पण ती माणसांची नावं आहेत हे आपल्या लक्षातच येत नाही. डिझेल हा एक माणूस होता, वॅट हा एक माणूस होता, हे आपल्याला फर्स्ट इयरला कळतं. तसाच डनलॉप. हे नाव ट्रकच्या, स्कूटरच्या आणि आजोबांच्या सायकलच्या टायरवर वर्षानुवर्षं छापलेलं होतं. माझ्या शाळेच्या जी. के.च्या पुस्तकात एका ओळीत उत्तर होतं: हवेच्या टायरचा शोध कोणी लावला? जॉन बॉइड डनलॉप. ती ओळ पाठ करून मी एक मार्क मिळवला आणि विषय संपला. पुढे मेकॅनिकलला आल्यावर कळलं की तो ना मेकॅनिकल इंजिनिअर होता ना कारखानदार. तो गुरांचा आणि घोड्यांचा डॉक्टर होता. मग मात्र मला हा माणूस कोण होता ते शोधावंसं वाटलं. त्यात गावाकडून मामाचा एक प्रश्न आला आणि या डॉक्टरचं चरित्र एकदम कामाचं झालं. तो प्रश्न पुढे येईलच.

जॉन बॉइड डनलॉप 5 फेब्रुवारी 1840 रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न नावाच्या खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. दिवस भरायच्या दोन महिने आधीच जन्मलेलं मूल म्हणून घरच्यांनी त्याला फार जपलं. आपली तब्येत नाजूक आहे हे त्याच्या मनावर इतकं ठसलं की जन्मभर तो स्वतःला सांभाळून राहिला. गंमत म्हणजे एवढं जपूनही (की जपल्यामुळेच?) तो तब्बल 81 वर्षं जगला, आणि अखेरच्या दुखण्यापर्यंत त्याला मोठा आजार असा झालाच नाही.

शेतावर वाढलेल्या मुलाला जनावरांची माहिती होतीच. एडिंबरोच्या डिक व्हेटर्नरी कॉलेजात तो शिकला आणि 19व्या वर्षी डॉक्टर होऊन बाहेर पडला. आपण या वयात सेकंड इयरच्या बॅकलॉगची चिंता करत असतो. सात-आठ वर्षं स्कॉटलंडमध्ये प्रॅक्टिस केल्यावर 1867 मध्ये तो समुद्र ओलांडून आयर्लंडला गेला. आधी डाउनपॅट्रिक गावात भावाबरोबर दवाखाना चालवला, मग बेलफास्ट शहरातल्या मे स्ट्रीटवर बस्तान बसवलं. 1871 मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सनशी लग्न झालं, एक मुलगी आणि एक मुलगा झाला. 1880 च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याची प्रॅक्टिस आयर्लंडमधल्या सर्वात मोठ्या प्रॅक्टिसपैकी एक झाली होती. म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेला, दाढीवाला, चांगलं चाललेलं असलेला एक डॉक्टर. त्याने आता काही नवीन करायची गरज नव्हती. आपल्याकडे अशा वयात लोक फ्लॅट बुक करतात.

त्या काळचं बेलफास्ट डोळ्यांसमोर आणा. रस्त्यांवर दगडी फरसबंदी, मध्ये ट्रामचे रूळ. घोडागाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव, आणि सायकलला फार तर भरीव रबराची पट्टी. गाडी चालली की खडखडाट, बसणाऱ्याची हाडं खिळखिळी. दिवसभर घोड्यांचे पाय तपासणाऱ्या माणसाला कडक चाक आणि कडक रस्ता यांच्यामध्ये शेवटी कोण भरडलं जातं हे दिसत असणार, असं मला वाटतं.

या हादऱ्यांवर त्या वेळी लोकांना एकच उपाय माहीत होता: चाक मोठं करा. जुन्या फोटोंमध्ये ती विचित्र सायकल आपण बघितलेली असते, पुढे माणसाच्या खांद्याएवढं चाक आणि मागे एवढंसं. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, दगडावरून सहज चढतं, आणि पेडल थेट चाकालाच असल्यामुळे एका फेरीत जास्त अंतर कापतं. हिशेब बरोबर होता. फक्त तोल गेला की माणूस डोक्यावर आपटायचा. 1885 मध्ये इंग्लंडमधल्या जॉन केम्प स्टार्लीने चेनवर चालणारी, दोन्ही चाकं जवळपास सारखी असलेली रोव्हर सायकल आणली. ती सुरक्षित होती, पण चाकं लहान झाल्यामुळे हादरे आणखी वाढले. म्हणजे उंच बसाल तर पडाल, खाली बसाल तर हाडं मोडतील. हा पेच सोडवला तो घोड्यांच्या डॉक्टरने, आणि तोही घरच्या अंगणात.

1887 चा ऑक्टोबर महिना. डनलॉपचा मुलगा जॉनी जवळपास दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती आणि दगडी रस्त्यांवर ती फार आदळते अशी त्याची तक्रार होती. बापाने काय केलं? सुमारे 96 सेंटिमीटर व्यासाची एक लाकडी चकती घेतली. रबराच्या पातळ शीटची एक नळी बनवून त्या चकतीच्या कडेवर बसवली आणि तिच्यात हवा भरली. मग जॉनीच्या सायकलचं एक चाक काढून घेतलं. दोन्ही चाकं अंगणातून एकाच वेळी ढकलली. सायकलचं चाक थोड्या अंतरावर जाऊन आडवं झालं. हवेचं चाक मात्र चालतच राहिलं, पार फाटकाच्या खांबाला धडकलं आणि उलटं उसळून आलं.

मला या गोष्टीतला हाच भाग सर्वात आवडतो. आपल्याला लॅबमध्ये एम, ऑब्झर्व्हेशन टेबल आणि कन्क्लूजन लिहायला लावतात, आणि आपण ते सीनिअरच्या जर्नलमधून उतरवतो. इथे एका डॉक्टरने कुठलंही उपकरण नसताना नेमका प्रयोग केला. दोन चाकं, तीच जमीन, तोच धक्का, आणि मोजायचं काय तर कुठलं पुढे जातं. हवेमुळे बसायला मऊ लागणार हे कुणालाही सुचलं असतं. पण मऊ चाक जास्त दूर जातं, म्हणजे कमी ताकद खातं, हे मात्र करून बघितल्याशिवाय कळणारं नव्हतं.

असं का होतं? कडक चाकाखाली खडा आला की अख्खी गाडी माणसासकट तेवढी वर उचलावी लागते. उचलायला लागलेली ताकद पलीकडे आदळताना आवाजात आणि हादऱ्यात वाया जाते. हवेचा टायर खड्याला आपल्या अंगात सामावून घेतो. गाडी जागच्या जागी राहते, फक्त रबर थोडं दबतं आणि पुन्हा फुगतं. रस्ता गुळगुळीत काचेसारखा असेल तर स्टीलचं चाकच बरं, म्हणूनच रेल्वेला टायर नसतो. पण रस्ता जितका वाईट, तितकी हवेची किंमत जास्त.

फेब्रुवारी 1888 मध्ये जॉनीच्या सायकलला मागची दोन हवेची चाकं लागली. नळीवर कापडाचं आवरण, त्यावर रबर, आणि हवा भरायला फुटबॉलचा पंप. त्याच वर्षी डनलॉपने पेटंटसाठी अर्ज केला आणि 7 डिसेंबर 1888 रोजी ते मंजूर झालं. लोक मात्र हसत होते. फुगवलेले जाड टायर लावलेली सायकल दिसायला बेंगरूळच होती. बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा कॅप्टन विली ह्यूम याने तशी एक सायकल विकत घेतली. तो काही क्लबातला सर्वात वेगवान गडी नव्हता. 18 मे 1889 रोजी क्वीन्स कॉलेजच्या स्पोर्ट्समध्ये, म्हणजे आपल्यासारख्याच एका कॉलेजच्या मैदानावर, तो या टायरवर उतरला आणि सायकलच्या चारही शर्यती जिंकला. मग लिव्हरपूलला जाऊन तिथेही एक सोडून सगळ्या जिंकल्या. हसणं बंद झालं आणि टायरची मागणी सुरू झाली.

आता मामाचा प्रश्न.

माझा मामा जव्हारला राहतो. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, त्याआधी जव्हार आणि मोखाडा हे ठाणे जिल्ह्यातले तालुके होते, आणि त्याही आधी जव्हार हे मुकणे राजांचं संस्थान होतं. दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वे नाही. सगळा कारभार चाकांवर. एका बाजूला त्र्यंबकेश्वर, दुसऱ्या बाजूला विक्रमगड आणि मनोर, आणि मध्ये घाट, दऱ्या आणि पाडे. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण पाड्याकडे वळलात की शेवटचे दोन-तीन किलोमीटर लाल माती, उघडे पडलेले दगड आणि फरशी पूल. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात घोटाभर चिखल. मामाकडे 2004 सालची बोलेरो आहे. कंपनीतून आली तशीच, उंची न वाढवलेली. तो जव्हार, मोखाडा, खोडाळा असा किराणा आणि भाजीपाला फिरवतो, आणि रात्री-अपरात्री कुणी दार वाजवलं तर पेशंटही नेतो. या भागात रस्ता जिथे संपतो तिथून माणसाला झोळी करून आणतात, हे पेपरात अधूनमधून येतंच. गाडी जितकी आत जाईल तितकी झोळीची वाट कमी.

मागच्या वर्षी टायर झिजले तेव्हा मामाचं म्हणणं पडलं की आता मोठे टायर टाकूया. नाशिकच्या एका गाडीला त्याने 31 इंची टायर बघितले होते. गाडी उंच होईल, दगड लागणार नाहीत, चिखलातून निघेल, आणि वर रुबाबही दिसेल. भाची मेकॅनिकलला आहे म्हणून मत माझं विचारलं. मग मी सुट्टीत आकडेमोड केली. ती इथे देते, कारण आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्येही मोठ्या टायरची स्वप्नं बघणारे कमी नाहीत.

मामाच्या गाडीचा मूळ साइज 215/75 आर 15. याचा अर्थ टायरची रुंदी 215 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 75 टक्के, म्हणजे साधारण 161 मिलिमीटर, आणि रिम 15 इंच, म्हणजे 381 मिलिमीटर. दोन भिंती आणि रिम मिळून व्यास झाला सुमारे 703 मिलिमीटर. एक पायरी वरचा साइज 235/75 आर 15. त्याचा व्यास सुमारे 733. फरक 30 मिलिमीटर. पण गाडी 30 ने उंच होत नाही. व्यासाचा अर्धाच भाग आसाच्या खाली असतो, म्हणून उंची मिळते फक्त 15 मिलिमीटर, बोटाच्या पेराहूनही कमी. 31 इंची टायर म्हणजे 787 मिलिमीटर. त्याने 42 मिलिमीटर उंची मिळते. हे ऐकून मामा खूश झाला.

पण खर्चाची बाजू बघा. 31 इंची टायरचा घेर मूळ टायरपेक्षा जवळपास 12 टक्के जास्त. म्हणजे प्रत्येक गिअर आपोआप तेवढा हाय होतो. चाकाच्या टोकाला मिळणारा जोर साधारण दहा-अकरा टक्क्यांनी घटतो. जुनं इंजिन, गाडीत आठ माणसं आणि वर पोती, समोर घाट. जिथे सेकंड गिअर पुरत होता तिथे फर्स्ट टाकावा लागणार. उतारावर याहून वाईट. गिअरमध्ये ठेवून गाडी रोखायची सवय असलेल्या ड्रायव्हरला इंजिन कमी रोखणार, आणि मोठं, जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लावावा लागणार. ब्रेक मात्र तेच, वीस वर्षांचे. स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी खरी 67 ला असेल. 235 च्या टायरने हाच फरक 4 टक्क्यांचा राहतो, म्हणजे 60 च्या जागी 62 ते 63.

दुसरी गोष्ट जागेची. गाडीची उंची वाढवलेली नसेल तर चाकाच्या कमानीत जेवढी जागा कंपनीने दिली तेवढीच असते. नुसती उभी गाडी बघून काही कळत नाही. डनलॉपसारखं करून बघावं लागतं. आम्ही पुढचं एक चाक मोठ्या सपाट दगडावर चढवलं म्हणजे स्प्रिंग दबली, मग स्टिअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवलं आणि पट्टीने सर्वात कमी फट मोजली. मग दुसऱ्या बाजूला वळवून पुन्हा मोजली. सर्वात कमी फट निघाली 38 मिलिमीटर. 31 इंची टायरला त्रिज्येतच 42 लागतात, आणि तो साडेदहा इंच रुंद असल्यामुळे दोन्ही बाजूंना 26-26 मिलिमीटर बाहेर येतो. म्हणजे घाटाच्या वळणावर खड्डा आला की टायर पत्र्याला घासणार. घासलेला टायर सरळ रस्त्यावर बरा दिसतो आणि नेमका वळणावर दगा देतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मूळ नोंदणीपेक्षा वेगळे बदल परस्पर करता येत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते.

तिसरी आणि मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुन्हा डनलॉपकडेच घेऊन जाते. गाडीचं वजन टायर पेलत नाही, आतली हवा पेलते. टायरचं रबर ही फक्त हवेची पिशवी. समजा एका चाकावर 400 किलो वजन आहे आणि हवा 28 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 2 किलो. मग जमिनीला टेकलेला भाग झाला 400 भागिले 2, म्हणजे सुमारे 200 चौरस सेंटिमीटर. हवा 20 पीएसआयवर आणली तर तोच भाग सुमारे 285 होतो. जवळपास दीडपट! आणि टायर रुंद केला पण हवा तेवढीच ठेवली, तर टेकलेल्या भागाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. म्हणजे चिखलात रुतायचं नसेल तर हजारो रुपयांच्या मोठ्या टायरपेक्षा व्हॉल्व्हची पिन दाबून सोडलेली थोडी हवा जास्त काम करते. अट एकच: डांबरी रस्त्याला लागताच हवा पुन्हा भरायची. कमी हवेवर भरधाव किंवा भरलेली गाडी चालवली तर टायर तापून फुटतो.

असो. आपला डॉक्टर बेलफास्टमध्येच राहिला.

ह्यूमने क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर ज्यांना हरवलं, त्यांत हार्वी द्यु क्रो नावाच्या व्यापाऱ्याची मुलं होती. मुलं हरली म्हणून बाप रुसला नाही. त्याने टायर बघितला आणि डनलॉपला गाठलं. 1889 मध्ये डब्लिनला कंपनी निघाली. डनलॉपने पेटंट कंपनीच्या नावावर करून दिलं आणि बदल्यात शेअर्स घेतले. सगळं सुरळीत चाललं असतानाच 1890 मध्ये बॉम्ब पडला. पेटंट ऑफिसने कळवलं की हे पेटंट रद्दबातल आहे, कारण हवेचा टायर आधीच कुणीतरी शोधून ठेवलेला आहे.

तो होता रॉबर्ट विल्यम थॉमसन, हाही स्कॉटिशच. त्याने 1845 मध्ये, वयाच्या 23व्या वर्षी, हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये 1847 मध्ये घोडागाडीला लावून दाखवलंही होतं. पण तेव्हा ना सायकली होत्या ना मोटारी, आणि रबरही महाग. कुणी विचारलं नाही. थॉमसनने तो नाद सोडला आणि पुढे भरीव रबराच्या चाकांवर चालणारं वाफेचं इंजिन बनवलं. त्याची ती इंजिनं 1870 च्या दशकात थेट रावळपिंडीच्या रस्त्यांवर धावली. 1873 मध्ये तो वारला. डनलॉपच्या अंगणातलं चाक त्याने पाहिलंच नाही, आणि डनलॉपला थॉमसन माहीत नव्हता. माझ्या जी. के.च्या पुस्तकातल्या त्या एका ओळीत खरं तर दोन नावं हवी होती. पहिला असणं एक आणि लोकांच्या उपयोगी पडेल अशा वेळी करून दाखवणं दुसरं. श्रेय दोघांचंही आहे.

पेटंट गेलं तरी कंपनी बुडाली नाही, कारण तिने दुसरी महत्त्वाची पेटंट विकत घेतली. डनलॉपचा मूळ टायर रिमला चिकटवलेला असायचा. पंक्चर काढायचं म्हणजे सगळं उकलायचं. 1890 मध्ये चार्ल्स वेल्चने कडेला तार घातलेला, काढता-घालता येणारा टायर शोधला. आजही टायरच्या कडेला ती तार असते. फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी 1891 मध्ये त्यांचा सुटा होणारा टायर आणला आणि 1895 मध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा शर्यतीत मोटारीला हवेचे टायर लावून दाखवले. आणि आपण ज्याला स्टेपनी म्हणतो ना, तो शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे 1904 च्या सुमारास जादा चाक बनवणारं दुकान होतं. तिकडे तो शब्द विसरले, जव्हारच्या पंक्चरवाल्याकडे तो अजून जिवंत आहे.

या यशाची एक काळी बाजूही आहे, ती न लिहिणं बरोबर होणार नाही. सायकल आणि मोटारीमुळे जगाला अचानक प्रचंड रबर हवं झालं. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याची आफ्रिकेतल्या काँगोवर 1885 ते 1908 खासगी मालकी होती. तिथे जंगलातल्या लोकांवर रबराचा चीक आणायची सक्ती केली गेली, आणि ठरलेला कोटा भरला नाही तर ओलीस ठेवणं, फटके, हात तोडणं, ठार मारणं असे अत्याचार झाले. हे 1904 मध्ये रॉजर केसमेंटच्या अहवालातून जगापुढे आलं. डनलॉपने हे केलं नाही, त्याच्या मनातही नसेल. पण एका मुलाचे हादरे कमी करणारी गोष्ट दुसरीकडच्या हजारो मुलांच्या जिवावर बेतली. नवीन वस्तू बनवताना कच्चा माल कुठून आणि कसा येतो हा प्रश्न आपल्या सिलॅबसमध्ये नसतो. असायला हवा. जंगलातल्या माणसांकडून काम करून घेऊन त्यांनाच रस्ता न देणं ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही.

डनलॉप या सगळ्यातून लवकरच बाजूला झाला. 1890 च्या दशकाच्या मध्यात त्याने कंपनी सोडली. 1896 मध्ये द्यु क्रोने ती 30 लाख पौंडांना विकली आणि घेणाऱ्याने थोड्याच दिवसांत 50 लाख पौंडांना बाजारात आणली. ज्याचं नाव होतं त्याच्या पदरात त्यातलं फारसं पडलं नाही. पांढऱ्या दाढीतला त्याचा चेहरा मात्र कंपनीचा ट्रेडमार्क बनला आणि जगभर फिरला. तो डब्लिनला राहिला, एका कापडाच्या दुकानाच्या धंद्यात लक्ष घातलं आणि साधेपणाने म्हातारा झाला. 23 ऑक्टोबर 1921 रोजी थंडी बाधून तो वारला. डब्लिनजवळच्या डीन्सग्रेंजच्या दफनभूमीत त्याला पुरलं. त्याच्या आठवणींचं पुस्तक त्याच्या मुलीने मागाहून छापून आणलं. त्याच्या मृत्यूनंतर 15 वर्षांनी, 1936 मध्ये, बंगालमधल्या साहागंज इथे डनलॉपचा कारखाना सुरू झाला. तोही आता बंद पडला.

मामाने शेवटी काय केलं ते सांगते. त्याने मूळ 215/75 आर 15 साइजच ठेवला, पण हायवेच्या नक्षीऐवजी ऑल टेरेन नक्षीचे टायर घेतले. पूर्ण चिखलाची, म्हणजे मड टेरेन नक्षी घेतली नाही, कारण त्याच्या दहा किलोमीटरमधले आठ डांबराचे असतात, आणि ओल्या डांबरावर मोठ्या गुट्ट्यांची नक्षी घसरते व आवाजही करते. पाचही टायर एकाच साइजचे, स्टेपनीसकट. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे बघून घेतले. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. दुकानात पडून शिळा झालेला टायर नवा दिसतो पण नवा नसतो. उरलेल्या पैशांत ब्रेकचं काम केलं, एक प्रेशर गेज आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेतला. उंचीचं काय? त्याचं उत्तर मामालाच माहीत होतं: दगड दोन चाकांच्या मध्ये घ्यायचा नाही, चाक त्याच्यावर चढवायचं. टायर त्यासाठीच असतो. या पावसाळ्यात त्या गाडीने खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरून एक बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचवली. गेल्या वर्षीच्या झिजलेल्या टायरवर ती चढण गाडीला चढली नसती, आणि घासणाऱ्या 31 इंची टायरवर तो घाट उतरायला मी मामाला सांगितलं नसतं.

मित्रमैत्रिणींनो, डनलॉप जन्मला तेव्हा जगाचं मत होतं की वाईट रस्त्यावर उपाय म्हणजे मोठं चाक. त्याने मोठं चाक बनवलं नाही, मऊ बनवलं. आणि मऊ बनवून थांबला नाही, अंगणात दोन्ही चाकं शेजारी शेजारी सोडून बघितली. ज्या गोष्टीचं आपल्याला शिक्षण नाही तिच्यात हात घालायला पंचेचाळिशीनंतरही उशीर झालेला नसतो, आणि डिग्री दुसऱ्याच विषयाची असली तरी चालतं. फक्त आधी नीट बघावं लागतं, मग करून बघावं लागतं. आणि आज संध्याकाळी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये जाल तेव्हा आपल्या बाइकची हवा एकदा चेक करा. निम्म्या गाड्या कमी हवेवर उभ्या असतात.